प्रतिमा आणि पुरुषार्थ

पुरुषार्थ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष ही मनुष्यजन्माची चार प्राप्तव्ये त्यांनी सांगितली व त्यांना पुरुषार्थ हे नाव दिले. त्या शब्दातला पुरुष हा मिशीला पीळ देणारा पुरुष नव्हे. तो मनुष्यमात्र होय. पुढे व्यवहारात हा अर्थ आकसत गेला. ‘यात कसला आला आहे पुरुषार्थ?’ असे आपण एखाद्यास टाकून बोलतो, तेव्हा त्या चारांपैकी एकही प्राप्तव्य आपल्या मनात नसते. धाडस, बळ, दरारा असले काहीतरी असते. अर्थ असा का आकसला, याचा निर्णय भाषेच्या अभ्यासकांनी करावा. परंतु आकसलेला हा अर्थ आपल्या डोळ्यांपुढे अहोरात्र उभा करण्याचे काम गेली शंभर-सव्वाशे वर्षे एक यंत्र करीत आले आहे. त्या यंत्राचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, आणि त्याने घडविलेल्या पुरुषाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कॅमेरा येण्यापूर्वी सामान्य पुरुषाचे चित्र कोणी काढीत नसे. देवांच्या मूर्ती होत, राजांच्या तसबिरी होत. कुणब्याला किंवा पाटलाला तो मान मिळावयाचा तो एकाच रीतीने, आणि तोही मेल्यावर. मराठवाड्यातील पुष्कळ जुन्या गावांत वेशीपाशी अगर महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ उभे असलेले दिसतात. खालच्या थरात झुंज, बहुधा शेजारी गाईंचा कळप. त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाची गुरे राखताना पडलेल्या माणसाची ही आठवण. त्या माणसाचे नाक कसे होते, मिशी केवढी होती, हे त्या दगडावरून कळत नाही. त्याने काय केले, तेवढे मात्र कळते.

छायाचित्राची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यात नाक कळते, मिशी कळते, अंगरख्याची कळीही मोजता येते. त्या माणसाने आयुष्यात काय केले, ते मात्र त्यावरून कळत नाही. वीरगळ कृतीनंतर उभा राहतो आणि छायाचित्र कृतीपूर्वीच मिळते, हा या दोहोंतला खरा भेद आहे. माझ्या मते आजच्या पुरुषाच्या पुष्कळशा दुःखाचे मूळ या भेदात आहे. प्रतिमा आधी मिळाली म्हणजे जन्मभर त्या प्रतिमेसारखे दिसत राहण्याचे ओझे मागाहून अंगावर पडते.

हे ओझे कसे तयार झाले ते पाहण्यासारखे आहे. छायाचित्रणाची विद्या हिंदुस्थानात १८४० च्या सुमारास आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. त्या काळच्या काचेवर प्रतिमा उमटण्यास वेळ लागे. बसणाऱ्याने किंचित मान हलविली तरी चेहरा पुसट होई; म्हणून पुष्कळदा त्याच्या मानेमागे लोखंडी टेका लावीत. आपल्या पणजोबांच्या तसबिरीतला तो करारी, ताठ आणि न हसणारा चेहरा निम्मा त्या टेक्याने आणि ‘हलू नका’ या हुकमाने घडविलेला असे. पुढे काचा सुधारल्या, टेका गेला, क्षणार्धात चित्र निघू लागले. ताठपणा मात्र राहिला. यंत्राची अडचण पुरुषाचा रुबाब होऊन बसली.

लोहारा आणि त्याच्या भोवतालचा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या दरबारी लाला दीनदयाळ हे मोठे गुणी छायाचित्रकार होऊन गेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना राजा ही पदवी दिली होती. त्यांनी काढलेली शिकारीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: मेलेले वाघ पुढ्यात, बंदुकी हाती, मंडळी ऐटीत. रचनेच्या दृष्टीने ही चित्रे सुंदर आहेत, यात संशय नाही. परंतु वाघ उठवून तो बंदुकीच्या टप्प्यात आणणाऱ्या हाकाऱ्यांचे पौरुष अशा चित्राच्या केंद्रस्थानी कधी येत नाही. ते कडेला राहते किंवा अजिबात राहत नाही. याच दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका इंग्रज बाईकडे सोपविले. पुरुषाने दिसावे आणि स्त्रीने झाकून राहावे, ही वाटणी अशा रीतीने कॅमेऱ्यापुढेही कायम झाली. मध्यमवर्गीय घरांतल्या जोडप्यांच्या जुन्या तसबिरी आठवून पाहा. त्यांत बहुधा तो खुर्चीत बसलेला असतो आणि ती शेजारी उभी असते.

राजांचा हा थाट शंभर वर्षांत खाली उतरत उतरत सर्वांच्या आवाक्यात आला. एका दृष्टीने ही लोकशाहीची खूणच म्हटली पाहिजे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी चौकाचौकांत फ्लेक्सचे फलक लागतात. वाढदिवसाच्या त्या फलकांवरील तरुणाकडे नीट पाहावे. काळा चष्मा, गळ्यात सोनसाखळी, छातीवर बांधलेले हात किंवा दूर क्षितिजाकडे रोखलेली नजर. आणि नावाआधी एक विशेषण: ‘भावी’. भावी सरपंच, भावी नगरसेवक, भावी आमदार! प्रतिमा कृतीच्या आधी येते असे मी वर म्हटले, त्याला याहून चोख पुरावा कोणता हवा? वीरगळावरचा माणूस झाला-गेलेला असे. फलकावरचा माणूस अजून व्हावयाचा आहे.

हा थाट तरुणांनी कोठून उचलला, हे सांगावयास नको. कॅमेरा कमरेच्या खाली ठेवून वर रोखला म्हणजे पाच फुटांचा माणूसही डोंगराएवढा दिसतो. सेकंदाला चोवीस चित्रे दाखवावयाची आणि घेताना मात्र त्याच्या दुप्पट-चौपट घ्यावयाची, म्हणजे पडद्यावर चाल संथ होते आणि साध्या पावलालाही गजगतीचा भास येतो. त्यात ढोलताशा मिसळला की नायक दारातून आत आला एवढीच गोष्ट पराक्रम ठरते. यात कपट नाही. ही त्या कलेची हत्यारे आहेत. परंतु या हत्यारांनी जे मोठे करून दाखविता येते ते प्रवेश, प्रहार, गर्जना असे क्षणाचे असते. दहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बापाची कूस बदलणाऱ्या मुलाचे पौरुष संथ चालीने अधिक मोठे होत नाही. ते मुळातच संथ असते.

यावर कोणी म्हणेल की, तरुणांपुढे शूरांची चित्रे असू नयेत की काय? चित्र पाहूनच पोराला तालमीत जावेसे वाटते, पोलिसात भरती व्हावेसे वाटते, अन्याय दिसल्यास पुढे व्हावेसे वाटते. हा आक्षेप वजनदार आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’पासून (१९२३) आजतागायत शिवकालावरचे चित्रपट पाहून मराठी प्रेक्षकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले आहेत, आणि ते रोमांच खोटे नव्हते. प्रश्न एवढाच आहे की, शौर्य ओळखण्याची खूण म्हणून आपण मुलांच्या हाती काय देतो? केवळ बाहेरची खूण दिली, तर त्यांना खरा शूर समोर येऊनही ओळखता यावयाचा नाही.

याचे उदाहरण लोहारा तालुक्यातच आहे. येथील हिप्परगा (रवा) या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे एक तरुण तेथे शिक्षक म्हणून आला. त्याचे नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतल्यावर तोच स्वामी रामानंद तीर्थ या नावाने प्रसिद्धीस आला, आणि सार्वभौम म्हणविणाऱ्या निजामाविरुद्ध हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा त्याने चालविला. कारागृह भोगले, मार खाणाऱ्या माणसांना धीर दिला, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान हिंदी संघराज्यात आलेले पाहिले. त्यांचे कोणतेही छायाचित्र घ्या: अंगावर संन्याशाची वस्त्रे, ना तलवार, ना मिशीचा पीळ. चौकातल्या फलकावर आज त्यांना कोणी अनोळखी म्हणून उभे केले, तर त्यांच्यात पौरुषाची एकही प्रचलित खूण सापडणार नाही. त्या छायाचित्राशेजारी एखादे शिकारीचे चित्र ठेवावे आणि मुलांना विचारावे की, या दोघांत धैर्याचे काम कोणी केले? उत्तर चुकले तर दोष मुलांचा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या चित्रपटाच्या जन्मकथेतच लिहिलेली आहे. ती आपण मौजेखातर सांगतो, पण तिचा अर्थ मनावर घेत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने ते काम केले. १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. एकच देह; धनुष्य घेतले की मर्यादापुरुषोत्तम, पदर घेतला की जनकनंदिनी! आणि प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले. पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. त्यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट होते. संसारात दिवाळे निघालेला, बायकोची बोलणी निमूटपणे ऐकून घेणारा आणि तरीही कोणापुढे न वाकणारा तो पुरुष त्यांनी असा काही उभा केला की, पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात परक्या देशच्या जाणकारांनीही त्या चित्रपटाचा गौरव केला. पडद्यावरचे पौरुष हा वेष आहे, ही गोष्ट आपल्या पहिल्या प्रेक्षकांना उघड ठाऊक होती. वेष उतरविल्यावर जे उरते त्याचे मोल निराळे, हेही त्यांना समजत असावे. आपल्याला वेष आणि माणूस यांतील फट दिसेनाशी झाली आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरून २०१० साली आलेल्या ‘नटरंग’ने ती पुन्हा दाखविली. राजाची भूमिका करण्याची हौस असलेला पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठविते. अंग तेच, कष्ट तेच, कलेची निष्ठा अधिकच. बदलला तो केवळ वेष.

वेष आणि माणूस यांची फारकत होते तेव्हा माणसाने काय करावे? हा या विषयातला खरा नैतिक प्रश्न आहे, आणि व्ही. शांताराम यांच्या तीन चित्रपटांनी त्याची तीन उत्तरे दिली आहेत. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये वृद्ध विधुर वकील काकासाहेब एका तरुण मुलीशी फसवणुकीने झालेल्या विवाहाचा धनी होतो. ती त्याला पती मानण्याचे नाकारते. हळूहळू त्याला आपला अन्याय उमगतो. मग तो तिला मोकळे करणारे पत्र लिहितो आणि आत्महत्या करतो. पुरुषाला स्वतःची चूक दिसू शकते, हे दाखविण्याचे धैर्य त्या काळी थोर होते. तथापि चूक उमगलेल्या पुरुषाने त्यानंतर जगावे कसे, हे दाखविणे चित्रपटाला साधले नाही. ‘पिंजरा’त (१९७२) ही गोष्ट टोकाला जाते. आदर्श म्हणून गावाने पूजिलेला मास्तर तमासगिरिणीच्या नादी लागतो. दुसऱ्याच माणसाचे प्रेत मास्तरचे समजून गाव त्याचे स्मारक करते. शेवटी आपल्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो, आणि गावाच्या मनातली ती आदर्श प्रतिमा भंगू नये म्हणून तो तोंड मिटून फासावर जातो. प्रतिमा जिवंत राहावी म्हणून माणूस मेला! प्रेक्षक हे पाहून गहिवरतो. त्या गहिवरातच धोका आहे. हयात माणसापेक्षा त्याचा पुतळा मोलाचा, असा हिशेब आपण त्या क्षणी मान्य केलेला असतो.

तिसरे उत्तर या दोहोंच्या मधल्या काळात, १९३९ साली, ‘माणूस’ या चित्रपटात येऊन गेले होते. गणपत हा पोलीस शिपाई. वर्दी म्हणजे त्याचा वेष. मैना या वेश्येवर त्याचे मन बसते; संसार मात्र जमत नाही; तिच्या हातून खून होतो आणि तिला जन्मठेप होते. गणपत मोडून पडतो, मरणाच्या काठापर्यंत जातो आणि परत फिरतो. पुन्हा वर्दी चढवून कामावर रुजू होतो. त्याच्या चार वर्षे आधी ‘देवदास’ने दारूत विरघळून मरणाऱ्या प्रेमिकाची मोहिनी देशभर पसरली होती. तिच्याशेजारी हा शिपाई अगदीच अळणी वाटतो, कारण तो मरत नाही. तरीही चित्रपटाला नाव मिळाले ते ‘माणूस’. नायक, वीर, मर्द यांपैकी एकही शब्द शांतारामांनी घेतला नाही. मला ही त्या नावाची निवड फार अर्थपूर्ण वाटते. शास्त्रकारांनी पुरुषार्थ शब्दात जो मनुष्यमात्र पाहिला, तोच येथे शिपायाच्या वर्दीत परत आला.

ही चर्चा निव्वळ रसिकतेची नव्हे, हे लोहाऱ्याच्या भूमीवर उभे राहिले म्हणजे कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या आसपासची भूमी हादरली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली या टापूत हजारो माणसे गाडली गेली. त्या दिवसांत वृत्तपत्रांत आलेली छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. ढिगाऱ्यावर डोक्याला हात लावून बसलेले, धाय मोकलून रडणारे फेटेवाले, टोपीवाले पुरुष. त्यांना नामर्द म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. दुःख सर्व गावाचे होते. सर्वांनी मिळून रडण्याची मुभा होती. त्याच माणसांनी नंतर ढिगारे उपसले, पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढले आणि नवी घरे उभारली.

पण याच जिल्ह्यात दुसरे एक दुःख आहे, आणि ते एकेकट्याचे आहे. धाराशिव जिल्हा आणि एकूण मराठवाडा गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे बातम्यांत येतो. पाऊस, कर्ज, बाजारभाव, नापिकी, लग्नकार्ये, आजारपणे ही त्याची कारणे. त्यांचे खापर कोणत्या तसबिरीवर किंवा चित्रपटावर फोडणे हा शहाणपणा होणार नाही. तथापि संकट येणे निराळे आणि ते संकट कोणाजवळ न बोलता येणे निराळे. भूकंपाने घर पडले तर पुरुष शेजाऱ्याच्या गळ्यात पडून रडू शकतो. हप्ता थकला तर त्याला बायकोलाही सांगवत नाही. कारण भूकंपात त्याची प्रतिमा भंगत नाही, कर्जात भंगते. घराचा कर्ता म्हणून भिंतीवर जो बसलेला आहे तो डळमळला असे दिसू नये, ही काळजी त्याला भाकरीच्या काळजीहून अधिक जाळते. मानेमागचा तो लोखंडी टेका गेला म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत तो अजून आहे, आणि ‘हलू नका’ हा हुकूमही ऐकू येतो आहे.

या बातम्यांबरोबर वारंवार छापले जाणारे एक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. घराच्या ओट्यावर एक स्त्री बसलेली असते आणि तिच्या मांडीवर नवऱ्याचा चौकटीत बसविलेला फोटो असतो. बहुधा कोठल्या कागदपत्रांसाठी किंवा लग्नात काढलेला, ताठ, न हसणारा. जुन्या तसबिरीत तो बसलेला आणि ती उभी होती. या चित्रात ती बसलेली आहे आणि तो चौकटीत आहे. तिला यापुढे घर चालवावयाचे असते, देणे निस्तरावयाचे असते, पोरांना शाळेत धाडावयाचे असते. शास्त्रातला पुरुषार्थ शब्द मनुष्यमात्रासाठी होता हे ज्यांना पटत नसेल, त्यांनी हे छायाचित्र पुन्हा एकदा पाहावे.

मग करावे काय? कॅमेरे मोडावेत असे कोणी म्हणणार नाही. स्थिर छायाचित्राला एकच क्षण दाखविता येतो, पण चित्रपटाच्या हाती दोन-अडीच तासांचा काळ आहे. सोसणे, सांभाळणे, माघार घेऊन पुन्हा उभे राहणे, मदत मागणे, क्षमा मागणे या काळाने घडणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या दाखविण्याचे सामर्थ्य चित्रपटाइतके क्वचितच कोणत्या कलेत असेल. ‘संत तुकाराम’ने आणि ‘माणूस’ने ते दाखविले, आणि लोकांनी ते पाहिले. तेव्हा प्रेक्षकांना हेच लागते, ही सबब चालावयाची नाही. प्रेक्षक म्हणून आपणही नायकाच्या मरणापेक्षा त्याच्या परत फिरण्यावर अधिक टाळ्या वाजविण्यास शिकले पाहिजे.

घरातले काम त्याहून सोपे आहे आणि कदाचित अधिक परिणामकारकही. मुलाचा फोटो काढताना ‘छाती काढ, हसू नको, मर्दासारखा उभा राहा’ असे आपण सहज म्हणतो. ते न म्हटल्याने काही बिघडत नाही. बाप भाकरी थापताना, आजारी आजीला जेऊ घालताना, शेजाऱ्याच्या वावरात हात देताना, लेकीच्या वह्या चाळताना दिसतो, तेव्हाचे एखादे छायाचित्र भिंतीवर लागले तर ते पाहत मोठा होणारा मुलगा पुरुषाची खूण निराळी शिकेल. लोहारा या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ते ऐकताच लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे येते. ऐरणीवर काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याकडे पाहण्यास सवड नसते. नजर तापल्या लोखंडावर असते, पाठ वाकलेली असते, चेहऱ्यावर घाम असतो. अशा माणसाचे छायाचित्र काढावयाचे, तर तो वर पाहीपर्यंत थांबू नये. तो काम करीत असतानाच ते काढावे, आणि काढून झाल्यावर भाता ओढावयास थोडा हात द्यावा.